आधी सोडा, मग घ्या

श्वास नीट कसा घ्यायचा हे अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात फक्त एका बाईला कळत होतं, आणि ती बाई म्हणजे माझी आत्या. हे तिचं स्वतःचं मत होतं. पण ते खोडून काढायची छाती मी तरी कुणात पाहिली नाही. बाकीची दुनिया तिच्या लेखी नुसत्या धापा टाकत होती. बाजारात एखादी भाजीवाली गिऱ्हाइकाशी तावातावानं भांडताना दिसली, की आत्या पिशवी खाली ठेवून तिला सांगे की भावाचं राहू दे, तू श्वास वर छातीत घेतीयास, तो खाली पोटात ने. भाजीवाली आधी अवाक् होई, मग चिडे, आणि चिडण्यासाठी श्वास घेताना तिचा हात आपोआप पोटावर जाई. गॅस सिलिंडरच्या रांगेत धक्काबुक्की सुरू झाली की आत्या रांगेबाहेर येऊन सगळ्यांना एकदम श्वास सोडायला लावी. रक्तदाब तपासायला गेली, तर डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधायच्या आत तीच त्यांना तपासून मोकळी होई. "डॉक्टर, बाहेर तीस पेशंट बसल्यात म्हणून तुमचा जीव टांगणीला लागलाय. आधी सोडा, मग घ्या." डॉक्टर भला माणूस. तो मुकाट्यानं सोडायचा, मग घ्यायचा, आणि तिचा रक्तदाब दरवेळी चांगलाच निघायचा.

आधी सोडायचा, मग घ्यायचा, हा तिचा सगळा सिद्धांत. बाकीचे लोक घाबरलेल्या माणसाला "दीर्घ श्वास घ्या" म्हणून सांगतात, याचा तिला मनस्वी राग होता. ती म्हणे, घाबरलेला माणूस आधीच गच्च भरलेला असतोय, त्यात आणखी काय भरताय, घागर आधी रिती करा की. म्हणून तोंड जरासं उघडून, गरम चहावर फुंकर घालावी तसा सहा आकडे मोजत श्वास सोडायचा. मग नाकानं, चार आकडे मोजत, पोटापर्यंत घ्यायचा. की पुन्हा सहा. एवढंच. एवढ्यासाठी लोक डोंगरात जाऊन का बसतात, हे तिला कधी समजलं नाही.

आत्या कोल्हापूरच्या टेलिफोन ऑफिसात ट्रंक ऑपरेटर होती, परगावचे फोन जोडून देणारी. आमचं मूळ गाव मलकापूरच्या पुढं, रत्नागिरी रस्त्याला लागून. आजोबा त्याच रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी दोन गोष्टी मनावर घेतल्या होत्या: भिंतीवरचे देव उतरवायचे आणि पोरं शाळेत घालायची. त्यातून आमच्या घराण्यातली पहिली सरकारी नोकरी लागली ती आत्याला, आणि तीही खुर्चीवर बसून करायची. आजोबा गावात तिची नोकरी सांगताना "माझी लेक मुंबईशी बोलती" एवढंच सांगत. ऐकणाऱ्याला वाटे, मुंबईला काही अडलं की ती हिलाच विचारते.

प्रत्यक्षात सुरुवातीला मुंबईशी बोलताना लेकीची दातखीळ बसत होती. समोर भिंतीएवढा बोर्ड, त्यावर पन्नास ठिकाणी लुकलुकणारे दिवे, कानाला हेडफोन आणि त्यातून एकाच वेळी ओरडणारी चार माणसं. तिच्या छातीवर कुणीतरी पोतं ठेवल्यासारखं होई, हातापायांना मुंग्या येत, डोळ्यांपुढं काळोख. पहिल्या तीन आठवड्यांत ती दोनदा स्टुलावरून खाली पडली. सुपरवायझर बाईंनी तिला फायलींच्या खोलीत पाठवायचं ठरवलं होतं. त्याच सुमाराला गावाकडं वस्तीतल्या विहारात वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, एक म्हातारे भन्तेजी आले होते. आजीनं तिला त्यांच्यासमोर नेऊन बसवलं. भन्तेजींनी तिला आनापान सांगितलं: डोळे मिटून स्वस्थ बसायचं, आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास नुसता बघत राहायचा. आत्यानं विचारलं की डोळं मिटलं तर बोर्ड कोण बघणार. भन्तेजी खूप हसले म्हणे, आणि म्हणाले, मग उघडे ठेव. शिवाय आत्याला कुठलीच गोष्ट नुसती बघवत नसे. तिनं श्वासाला आकडे लावले. बोर्डावर दिवा लागला की सोडायचा, पिन खोचताना घ्यायचा, लाइन जुळेपर्यंत पुन्हा सोडायचा. महिन्याभरात ती स्टुलावर अशी बसली की फायलींचं नाव कुणी काढलं नाही. पुढं ती पंचवीस-तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसली.

एवढी वर्षं लोकांचे श्वास थेट कानात ऐकल्यावर माणसाचं काय होतं, ते मी तिच्यात पाहिलं. सगळ्यांत तातडीचा 'लायटनिंग कॉल' मागणारा माणूस तोंड उघडायच्या आत तिला समजे की याच्या घरी कुणी गेलंय की कुणी जन्मलंय. ओळखीच्या माणसानं फोन करून नाव सांगितलं की तिचा हिरमोड होई, कारण तिनं ते आधीच ओळखलेलं असे. नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ निघाले, ट्रंकचं काम आटलं आणि तिला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. इतर ऑपरेटर या टेबलाला भीत. आत्याला मात्र ते टेबल म्हणजे आपला दवाखानाच वाटला. बंद पडलेल्या फोनचा मालक शेजारच्या घरातून फोन करून बोंबलायला लागला, की ती तिच्या खास ऑफिसच्या शुद्ध मराठीत म्हणे, "साहेब, तक्रार लिहून घेतली आहे. आता कृपया श्वास सोडा." गुळाच्या एका आडत्यानं तर तिच्यावर इतकं तोंड टाकलं, की त्याला तिनं सलग दहा श्वास मोजायला लावले. चार दिवसांनी तो माणूस गुळाची ढेप घेऊन ऑफिसात हजर. फोन अजून बंदच होता. पण त्याला बऱ्याच महिन्यांनी स्वस्थ झोप लागली, म्हणून त्याच्या बायकोनं ढेप पाठवली होती. ती ढेप आत्यानं ऑफिसभर वाटली आणि उरलेला तुकडा घरी आणून आम्हाला दाखवला, एखादं पदक दाखवावं तसा.

मी डी.एड.ला कोल्हापुरात आले आणि दोन वर्षं राजारामपुरीत तिच्या घरी राहिले. तिचे यजमान, आमचे मामा, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांचा लग्नानंतरचा पहिला राग सहा आकड्यांत संपला आणि दुसरा कधी आलाच नाही, असं ते म्हणत. माझं वय वेगळं होतं. मैत्रिणी घरी आल्या की आत्या त्यांच्या पोटावर हात ठेवून "हितनं, हितनं" करायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रस्त्यात ती दिसली की मी पलीकडच्या बाजूनं चालू लागे. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला तिचीच वाटायची. माझे वडील तिचे थोरले भाऊ. ते साखर कारखान्यात नोकरीला होते आणि तापट होते. त्यांचं म्हणणं असं, की श्वास जन्मल्यापासून फुकट आणि आपोआप चाललाय, त्यात शिकायचं काय? आत्या म्हणे, दादा, बोलणं बी आपोआपच येतंय, म्हणून तू सरळ बोलतोस व्हय?

आमच्या नात्यातल्या एका लग्नात तर तिनं कहरच केला. नवरामुलगा मंचावर उभा, उपासक त्रिशरण-पंचशील सांगताहेत, आणि मुलाच्या तोंडून शब्द फुटेना. लोक कुजबुजायला लागले. मुलीच्या चुलत्यानं मोठ्यानं विचारलं, पोराच्या मनात हाय का न्हाय. मुलीचा चेहरा पांढराफटक. तेवढ्यात आत्या मांडव चिरत मंचावर चढली, नवऱ्यामुलाला दंडाला धरून आचाऱ्याच्या भांड्यांच्या खोलीत घेऊन गेली आणि आतून कडी लावली. दोनशे माणसं बाहेर उन्हात ताटकळत. दहा मिनिटांनी दार उघडलं. मुलगा आला, उभा राहिला आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पंचशील म्हणाला. आत्या चुलत्यासमोर जाऊन म्हणाली, "पावणं, मनात हाय की. गळ्यात अडकलं होतं." तो संसार आज चांगला चालला आहे आणि त्यांच्या पहिल्या मुलीचं नाव आत्यानं ठेवलं.

मला तिच्या विद्येची गरज लागली ती शेवटच्या वर्षी. पाठ घ्यायची परीक्षा होती. वर्गात मागच्या बाकावर परीक्षक बसणार, या नुसत्या कल्पनेनं माझी बोटं वाकडी होऊन ताठ व्हायला लागली. घरात मी कुणाला काही सांगितलं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी आत्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली की तुझा श्वास चार दिवस झाले मला भिंतीपलीकडनं ऐकू येतोय, हितं बस. मी बसले. तिनं मेथी माझ्या पुढ्यात सरकवली. एक जुडी संपेपर्यंत आम्ही दोघी सहा सोडत होतो, चार घेत होतो. दुसऱ्या दिवशी मी अपूर्णांकाचा पाठ बऱ्यापैकी घेतला. परत आल्यावर तिला ते सांगितलंही. पण आतून मला वाटत होतं, हे जमलं ते माझ्या अभ्यासानं.

नोकरी लागली ती शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका गावात. चहूकडं ऊस, दारोदार ट्रॅक्टर, आणि नदी अशी जवळ की पावसाळ्यात शाळेच्या खिडकीतून पाण्याचा वास येई. तिथं पाच-सहा वर्षं सुखात गेली. मग ते महापुराचं वर्ष आलं. पाणी दरवर्षी पायरीपर्यंत येतं आणि परततं, या हिशेबानं गाव थांबलं. ते परतलं नाही. रस्ता बुडाला, तळमजला बुडाला आणि एका सकाळी शाळेच्या वरच्या मजल्यावर, एका वर्गात, आम्ही चाळीस माणसं अडकलो. म्हातारीकोतारी, बायका, कडेवरची पोरं. मास्तर म्हणून तिथं मी एकटीच. होडी येणार असा निरोप आदल्या दिवशी आला होता. आता खाली जिन्याच्या सातव्या पायरीवर पाणी होतं, आणि मी दर दहा मिनिटांनी जाऊन बघत होते.

तिथं ट्रॅक्टरवाले एक आण्णा होते. गावातला धिप्पाड, दमदार माणूस. त्यांच्या चार म्हशी गोठ्यात बांधलेल्याच राहिल्या होत्या आणि सकाळपासून त्यांचं हंबरणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं. आण्णांनी सदरा काढला आणि म्हणाले, मी पोहत जाऊन दावी तोडून येतो. खिडकीखालून शिवार वाहून चाललं होतं, अख्खे बांध, पत्रे, झाडं. त्यांची बायको त्यांच्या पायाला मिठी मारून बसली. पोरं रडायला लागली. एक म्हातारी मोठ्यानं हंबरडा फोडू लागली आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण मी बाई होते, शाळेतली बाई. आणि माझ्या छातीवर पोतं येऊन बसलं. बोटं वाकडी झाली. मला उभं राहता येईना. माझ्याकडं मोबाइल होता, त्याच्या बॅटरीची एकच कांडी उरली होती. ती होडीवाल्यांसाठी राखून ठेवलेली. मी भिंतीला टेकून बसले आणि अंगठ्यानं कसाबसा राजारामपुरीचा नंबर लावला.

दुसरी रिंग व्हायच्या आत तिनं उचलला. मला बोलताच येईना. नुसती धाप.

"पोरी, तू हाईस," ती म्हणाली. "बोलू नगंस. आधी सोड."

तिनं मोजायला सुरुवात केली. ऑफिसच्या आवाजात नाही, घरच्या. एक, दोन, तीन. तिच्या तिसऱ्या की चौथ्या श्वासाला माझा श्वास तिच्या मागोमाग चालू लागला, लहान पोर बोट धरून चालतं तसा. मग तिनं विचारलं की तिथं किती माणसं हाईत. मी सांगितलं, चाळीस.

"म्हंजे चाळीस जण तुझ्याकडं बघायलेत. तू सावकाश घे. मोठ्यानं घे, त्यास्नी ऐकू जाऊ दे. सांगत बसू नगंस, करून दाव." मग जरा थांबून ती म्हणाली, "मी हाय हितं. मी मोजतोय." बायकांसारखं 'मोजतीय' न म्हणता ती 'मोजतोय' म्हणाली. घाईघबराटीत आमच्याकडच्या बायका असंच बोलतात. तिलाही भीती वाटत होती हे मला त्या एका शब्दावरून कळलं. आणि तेवढ्यात फोन बंद पडला.

मी उठले. पोटावर हात ठेवला आणि मोठ्यानं फुंकर घातल्यासारखा श्वास सोडला. आवाज काढून मोजलं. आधी पुढ्यातल्या तीन पोरांनी केलं, कारण शाळेत बाई करतात ते करायचं असतं. मग त्यांच्या आयांनी. हंबरडा फोडणारी म्हातारी थांबली, कारण सगळे मोजताना एकटीनं रडणं तिला अवघड वाटलं असावं. आण्णा खिडकीत उभेच होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि मोजत राहिले. म्हशींविषयी एक शब्द काढला नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. केव्हातरी त्यांचे खांदे खाली आले. ते खिडकीतून मागं सरले, बायकोशेजारी भिंतीला टेकून बसले आणि तोंड झाकून रडले. पण खाली बसून रडले. तिसऱ्या प्रहरी होडी आली. आण्णांनी सगळ्या पोरांना आपल्या हातांनी होडीत उतरवलं आणि स्वतः शेवटच्या फेरीला आले. एक्केचाळीस माणसं चढली. मोजताना मी स्वतःला धरलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

चार दिवसांनी कोल्हापूरला पोचले. आत्यानं दारातच माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग आत जाऊन भाकरी टाकायला बसली. त्या दिवशीचं बाकीचं मला मामांनी सांगितलं. लाइन तुटल्यावर तिनं रिसीव्हर खाली ठेवला नाही. कानाला लावून ती मोजतच राहिली, सहा आणि चार, तासभर. लाइन मेली आहे हे तिला कळलं नव्हतं असं नाही. सगळी हयात तिनं लाइनी ओळखण्यात घालवली होती. मामांनी दोनदा सांगितलं, आता ठेव. तिनं मान हलवून नाही म्हटलं, मोजणं न थांबवता. त्या दिवसापासून ती दिसली की मी रस्ता ओलांडून पलीकडं गेले नाही. कुणी विचारलं तर आधी सांगू लागले, त्या माझ्या सख्ख्या आत्या.

ते मोजणं कुणाचं, हे मी गावाला सांगितलं होतं; दिवाळीनंतर गावानं तिचा सत्कार ठरवला. आण्णांनी स्वतः जीप पाठवली. शाळेच्या पटांगणात मंडप, अख्खं गाव समोर, आत्याच्या अंगावर नवं इरकली लुगडं. नारळ झाला, शाल झाली आणि सरपंच म्हणाले, आता बाईंनी दोन शब्द बोलावेत. आत्या माइकसमोर उभी राहिली आणि गप्प झाली. आधी वाटलं, भारावली असेल. मग मला तिचा श्वास दिसला. तो वर छातीतच चालला होता. हजारोंशी बोललेली बाई, पण एवढे चेहरे तिनं कधी समोर बघितले नव्हते. ती सगळी माणसं तिला तारेतून आलेली. मी पहिल्या रांगेत होते. काही न बोलता मी पोटावर हात ठेवला आणि तिला दिसेल असा सावकाश श्वास सोडला. तिनं पाहिलं. माझ्या शेजारी आण्णांनीही हात ठेवला. मागची पोरं तर तयारच होती. बघता बघता सगळा मंडप एका दमात श्वास सोडू लागला, आणि मंचावर माझी आत्या त्यांच्यामागोमाग. मग ती बोलली. फक्त एवढंच, की तुमच्या गावाला चांगलं ऐकू येतंय, आन् माझी भाची चांगली मास्तरीण हाय. टाळ्या बराच वेळ चालल्या. आयुष्यात मला पुढं दोन-तीन पुरस्कार मिळाले, पण त्या वाक्याशेजारी ठेवण्यासारखा त्यांतला एकही नाही.

ती निवृत्त झाली. घरोघरी मोबाइल आले, जो तो आपापल्या खिशात आपली घाबरगुंडी घेऊन फिरू लागला आणि राजारामपुरीतला फोन वाजायचा कमी झाला. मामा गेल्यावर तर तो मीच तेवढा वाजवायचे, रविवारी, शाळेला सुट्टी असताना. ती आधी ओळखायची, मग विचारायची, काय झालं. काही नाही, सहज केला, असं म्हटलं की तिचा जरासा विरस व्हायचा. सहज केलेल्या फोनवर काय बोलतात हे तिला नीट ठाऊक नव्हतं. पावसापाण्याचं बोलून झालं की दोन्हीकडं शांतता. ती ठेवत नसे, मीही ठेवत नसे. तिकडून तिचा श्वास ऐकू येई आणि मी तो तिच्या नकळत मोजत बसे. सहापर्यंत सरळ जाणारा तो श्वास पुढं पुढं पाचावर थांबू लागला, मग चारावर. मी तिला ते कधी सांगितलं नाही. पण दुसऱ्या टोकाला कोण काय मोजतंय, हे तिला ऐकू येत नव्हतं, असं मला वाटत नाही.